काज-बटणांचा तह

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत जगातल्या यच्चयावत सार्वभौम राष्ट्रांची अब्रू बहरीनमध्ये, मनामाच्या बाजारातल्या एका जिन्याखाली राखली जात होती. न्यूयॉर्कला आणि जिनिव्हाला चालत असत ती नुसती भाषणं. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या जिन्याखाली बसणाऱ्या माणसाला त्यांनी पाहिलेलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे शिंपी, शिक्षण मराठी चौथी, उंची जेमतेम पाच फूट, कानामागे दोरीने बांधलेला चष्मा आणि गळ्यात मापाची टेप. ही टेप ते आंघोळीपुरतीच काढत असावेत. आम्ही सगळे त्यांना झेंडेवाले मास्तर म्हणत असू. मी पुण्याहून बी.कॉम. होऊन तिथे गेलो आणि जहाजांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. बटाटे, दोरखंड, रंगाचे डबे, गोठवलेल्या कोंबड्या आणि झेंडे अशी आमची मालयादी होती. खाऱ्या वाऱ्यात झेंडे फार लवकर फाटतात आणि कुठल्याही बंदरात शिरताना जहाजाला त्या देशाचा झेंडा मान म्हणून लावावा लागतो, हे ज्ञान मला तिथे झालं. ते झेंडे मास्तर शिवत. दर आठवड्याला ऑर्डरचा कागद घेऊन त्यांच्याकडे जाणं हे माझं काम होतं, आणि नोकरीतली बाकीची सगळी कामं मी त्या एका फेरीसाठी करत होतो.

मास्तरांचा पहिला कायदा असा होता की एका देशाचं कापड दुसऱ्या देशाला लागता कामा नये. जिन्याखाली मशीनच्या मागे फळ्या होत्या आणि त्यांवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे. एकेका डब्यात एकेक राष्ट्र. फ्रान्सचा लाल वेगळा, इंग्लंडचा लाल वेगळा, आणि दोन्ही एकाच ताग्यातून फाडलेले असले तरी एकदा डब्यात गेले की त्यांचा संबंध संपला. आपसांत लढणारे दोन देश शेजारच्या डब्यांत ते कधी ठेवत नसत. बातम्या ऐकून अधूनमधून डबे हलवावे लागत. एकदा माझ्या पँटचा खिसा उसवला. मी म्हटलं, मास्तर, त्या निळ्या चिंधीचा तुकडा आतून लावून द्या. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देवळातली समई मागितली. "सायेब, त्यो फ्रान्स हाय," ते म्हणाले. "खिशाला फ्रान्स लावता व्हय? त्यात चिल्लर ठिवणार तुमी!" शेवटी आपल्या जुन्या पायजम्याचं कापड लावून त्यांनी माझा खिसा शिवून दिला. झेंड्याचं कापड जमिनीला लागू नये म्हणून मशीनखाली धुतलेली पांढरी चादर पसरलेली असे आणि तिच्यापाशी चपला काढाव्या लागत. आमच्या कंपनीचा मॅनेजर मुंबईत वाढलेला गोवेकर होता. भयंकर तापट, नाकावर माशी बसू न देणारा. पण तोही त्या जिन्यापाशी आला की मुकाट्याने बूट काढून मोज्यांवर उभा राहायचा.

मास्तरांना जगाचा भूगोल कापडातून आला होता. इतका पक्का भूगोल मी शाळेत शिकवणाऱ्यांकडेही पाहिला नाही. "इटली सोपा देश हाय," ते म्हणायचे, "तीन पट्टं, दोन टिपा, मोकळं. इंग्लंड लई वाकडा. समद्या पट्ट्या येकमेकीवर आडव्या, आन् उलटा लागला तर निम्म्यास्नी कळत न्हाई. मेक्सिकोच्या तर वाटंला जाऊ नगा. मधी गरुड हाय, त्येच्या तोंडात साप हाय." नेपाळबद्दल त्यांना अपार माया होती, कारण चौकोन न करता जगात तग धरून राहिलेला तो एकटाच होता. देश लहान असो की मोठा, झेंड्याची उंची सारखी, हा त्यांचा दुसरा कायदा. एका बड्या देशाच्या कप्तानाने आपला झेंडा इतरांपेक्षा हातभर मोठा हवा म्हणून निरोप पाठवला. मास्तरांनी मलाच झापलं. "त्येंच्या गावात कितीबी मोठा लावा म्हनावं. दर्यावर समदे येका मापाचे." मी कप्तानाला सांगितलं की कापड संपलंय. ग्रीक मालकाचं, फिलिपिनो खलाशांचं आणि वर पनामाचा झेंडा असलेलं जहाज बंदराला लागलं की मास्तरांचा दिवस वाईट जायचा. सोयीसाठी दुसऱ्या देशाचा झेंडा लावायची ही पद्धत मी त्यांना नाना तऱ्हांनी समजावली, पण भाड्याचा झेंडा ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरली नाही. पनामाचं काम ते करत, अगदी नीट करत, पण त्या वेळी कुणाशी बोलत नसत.

यजमान देशाच्या झेंड्याची तर गोष्टच वेगळी होती. मास्तर बहरीनला आले तेव्हा इंग्रज नुकताच तिथून निघाला होता आणि देश नवा कोरा होता. "देस जलमला तवा मी सुई घिऊन हजर व्हतो," हे ते ज्या ताठ मानेने सांगत, तेवढी ताठ मान मी लग्नात नवरदेवाचीही पाहिली नाही. लाल आणि पांढऱ्या भागांच्या मधली ती करवतीसारखी कड आधी ढीगभर दातांची होती. लवकरच सरकारने दात आठ ठरवले आणि मास्तरांना आल्या आल्या तेच काम मिळालं. ते आठ दात असे धारदार शिवत की बोट फिरवताना जपून फिरवावं. शमाल सुटला, म्हणजे वाळू घेऊन येणारा तो वायव्येचा वारा, की भल्याभल्यांचे झेंडे कडेने झिरमिळ्या होऊन लोंबायचे. मास्तरांच्या झेंड्याला कडेला चार टिपा असत आणि तो शमालला पुरून उरे. रस्त्याने जाताना ते माणसांकडे पाहत नसत, वर झेंड्यांकडे पाहत, आणि ओठ हलवत दात मोजत. एकदा एका मोठ्या हॉटेलच्या दारावरच्या झेंड्याचा खालचा दात फाटलेला दिसला. मास्तर थेट दरवानापाशी गेले आणि आपल्या हिंदीत म्हणाले, "भाई, तुमारा देश का एक दात पड्या है." दरवानाला वाटलं हा माणूस आपल्या तोंडाबद्दल बोलतोय. पाऊण तास गोंधळ चालला, दोन मॅनेजर आले, एक पोलीस आला, आणि शेवटी तो पोलीसच झेंडा उतरवून मास्तरांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. चपला काढून उभा राहिला आणि दात शिवून होईपर्यंत चहा प्यायला.

मी त्यांच्या कायद्यात एकदाच सापडलो. एका डच जहाजाला त्यांचा झेंडा हवा होता. मी घाईत डब्यातून लाल-पांढरा-निळा उचलला आणि नेऊन दिला. पट्टे आडवे की उभे, हे पाहायचं मला सुचलं नाही. डच कप्तानाने हातातला फ्रान्स उलगडून पाहिला आणि तो पोट धरून हसला. मास्तर हसले नाहीत. पंधरा दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ऑर्डरचा कागद घेत, झेंडे देत, आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "सायेब, तुमास्नी कुनी पाकिस्तानी म्हनून हाक मारली तर चालंल का?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. पंधरा ऑगस्टला आम्हा मंडळींचा झेंडा मात्र ते मशीनवर कधी शिवत नसत. तो हाताने, खादीचा, आठ दिवस आधीपासून. तो वर गेला की ते सगळ्यांच्या मागे उभे राहत आणि उघडपणे रडत. त्यांचा थोरला मुलगा फौजेत होता, त्याचं पत्र तेव्हा त्यांच्या खिशात असे.

दुकान आणि जिना ज्यांच्या मालकीचे ते अरबाब म्हणजे एक वयस्क बहरीनी गृहस्थ. समोर कापडाचं दुकान, गोड काळा चहा आणि दिवसभर बाकावर बैठक. मास्तरांचा व्हिसा त्यांच्याच नावावर होता. दोघे पंधरा-सोळा वर्षं एकमेकांशी हिंदीत बोलत आले होते आणि दोघांनाही हिंदी येत नव्हती. त्यामुळे त्यांच्यात कधी भांडण झालं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं आणि या सुरळीत राज्यावर दोन संकटं एकदम आली. पहिलं होतं नायलॉन. पूर्वेकडून छापील झेंडे येऊ लागले. चकचकीत, हलके, शंभराच्या गठ्ठ्याने. दात शिवलेले नव्हते, छापलेले होते. आमच्या मॅनेजरच्या डोळ्यांत ते भरले. दुसरं संकट समुद्रातून आलं. शेजारच्या इराण-इराकच्या लढाईमुळे आखातात सुरुंग पेरले गेले होते आणि तेलाच्या जहाजांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते सुरुंग काढायला युरोपातल्या पाच देशांच्या नौका आल्या. इंग्लंड, फ्रान्स, इटली, हॉलंड आणि बेल्जियम. त्यांतल्या काही अधूनमधून पाणी-भाजीपाल्यासाठी आमच्या बंदराला लागत. मॅनेजरने ठरवलं की त्यांच्यासाठी कंपनीतर्फे बंदराजवळच्या हिरवळीवर चहापान करायचं आणि मागे पाचही देशांचं मिळून एकच मोठं निशाण लावायचं. प्रत्येक झेंड्याचा एकपंचमांश तुकडा कापायचा आणि पाच तुकडे जोडून एक कापड करायचं, अशी त्याची कल्पना. चार दिवसांत छापून मिळणार नव्हतं, म्हणून काम मास्तरांकडे. "टेल युवर मास्तर," तो मला म्हणाला, "हे नाही जमलं तर आपण उद्यापासून नायलॉन. मग मला त्याचे डबे नकोत, चादर नको, काही नको." बोलून तो गेला आणि मी कपाळाला हात लावून बसलो. मास्तरांच्या निम्म्याहून जास्त झेंडे आमच्याकडेच जात. आमचं काम गेलं की जिन्याखाली उरणार होतं ते पायजम्यांना नाड्या घालणं.

मी जाऊन सगळं सांगितलं. मास्तरांनी पायाने मशीन थांबवलं. "झेंडं कापायचं?" एवढंच ते म्हणाले. मग विचारलं, "ह्यो नवा देस कंचा? ह्येचा राजा कोन?" मी म्हटलं, मास्तर, हा देश नाही, पाच देश मिळून एक काम करतायत. मी संध्याकाळी रेडिओ ऐकत असे, त्यातलं होतं नव्हतं ते सगळं ज्ञान तिथे ओतलं. तिकडे युरोपात सध्या हाच वाद पेटलाय, काही म्हणतात सगळ्यांचं संरक्षण एकत्र हवं, एकेकटा देश आता पुरा पडत नाही. काही म्हणतात आमची फौज आमच्याच संसदेचं ऐकणार, दुसऱ्या कुणाचं नाही. मास्तर सुई बोटात तशीच धरून ऐकत होते. "दुसऱ्यांचं बराबर हाय," ते म्हणाले. "माझ्या पोराला लढाईवर धाडायचं तर माझ्या देसानं धाडावं. परक्याला काय त्येची माया?" मी म्हटलं, मग झालं तर, नाही म्हणून कळवतो. तशी ते उसळले. "आवं, पर पानपतावर काय झालं? येकेक सरदार आपापल्या निशानाखाली. ज्येंनी अटकंपार झेंडं लावलं त्येच ते! आन् येळ आली तवा ह्यो त्येच्या तोंडाकडं बगतोय आन् त्यो ह्येच्या." म्हणजे मास्तरांचं घोडं दोन्हीकडून अडलं होतं. समोरून अरबाब म्हणाले, "मास्तर, क्या मुश्किल? कपड़ा है, कैंची है. यल्ला, चलो, काटो, खलास." मास्तरांनी कात्री उचलली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. "अरबाब, तुमारा आट दात काटके दूसरे का कपडा को लगाऊं क्या?" अरबाबांचा चहाचा ग्लास हातातच राहिला. "ला, ला," म्हणजे नाही, नाही, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या ऑफिसात आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी. त्या नौकांवरच्या एका अधिकाऱ्याला भेटायचं म्हणाले. चहापानाची व्यवस्था पाहायला एक उंच डच अधिकारी आलाच होता. लालबुंद कान, मृदू आवाज. मास्तर त्याच्या कोपरापर्यंत पोचत होते. मी मध्ये दुभाषी म्हणून उभा राहिलो आणि पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते अनुभवलं, कारण दारात मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता.

"ह्येंच्या बोटीला हुकूम कुनाचा?" मास्तरांनी विचारलं.

अधिकारी म्हणाला, "आमच्या देशाचा."

"आन् इटलीच्या?"

"इटलीचा."

"येकानं म्हटलं हितं चला, आन् दुसरा म्हनला माझी पोरं न्हाई यायची. मग?"

"मग तो येणार नाही," अधिकारी म्हणाला. "त्याला कुणी ओढून आणू शकत नाही. पण समुद्राचे पट्टे आम्ही वाटून घेतलेत, कुणी कुठे साफ करायचं ते ठरलंय. शेजारच्याला गरज पडली तर बहुतेक वेळा सगळे जातात."

"बहुतेक," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांना आवडलेला दिसला. "मग निशान येक कशापायी?"

मी भाषांतर केलं तसा अधिकारी हसू लागला. म्हणाला, यांना सांगा, आमच्याकडची मोठमोठी माणसं हाच प्रश्न घेऊन बसली आहेत आणि अजून त्यांना उत्तर सापडलेलं नाही. मास्तरांनी टेप गळ्याभोवती नीट केली. "मोठी मानसं शिंपी न्हाईत. परवा चार वाजता या म्हनावं," असं म्हणून ते निघाले. मॅनेजरने मला विचारलं, येस की नो? मी म्हटलं, बहुतेक येस.

परवा चारला मास्तर अरबाबांच्या गाडीतून गठ्ठा घेऊन आले आणि हिरवळीवर चादर अंथरून त्यांनी तो उलगडला. पाच झेंडे होते, अख्खे, एका उंचीचे, प्रत्येकाला स्वतःची कड आणि चार टिपा. कुणालाही कात्री लागली नव्हती. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरी पट्टी जोडलेली होती. डाव्या पट्टीला काजं, उजव्या पट्टीला बटणं. मास्तरांनी गुडघ्यावर बसून फ्रान्सची बटणं बेल्जियमच्या काजांत घातली, बेल्जियमची इटलीच्या, आणि असं करत पाच देशांचं एक निशाण तयार झालं. "काज नुसतं येकाला आन् बटन नुसतं दुसऱ्याला असं केलं न्हाई," त्यांनी मला बजावलं, "समद्यांनी दोनीबी सोसायचं. आन् झेंड्याला टाचनीसुदिक लागलेली न्हाई, जे काय हाय ते पट्टीवर. ज्येला जायचं त्येनं आपलं बटन काडून जावं. कुनाचं टाकं उसवाय नगंत." टोकाच्या झेंड्याची बटणं तशीच मोकळी राहिली होती. मॅनेजरने बोट दाखवून हे चुकलंय का, असं विचारलं. मास्तर म्हणाले, "चुकलं कशानं? उद्या नवा कोन आला तर?" डच अधिकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. वाकून त्याने एक बटण काढलं, पुन्हा लावलं, आणि मग निशाण खांबांवर चढवायला आपल्या माणसांना हाका मारल्या.

चहापान रंगात आलं आणि नेमका शमाल सुटला. टेबलावरचे रुमाल उडाले, मॅनेजरची टाय त्याच्या तोंडावर गेली, निशाण शिडासारखं फुगलं आणि बेल्जियम-इटलीच्या मधली वरची दोन बटणं सटकन निघाली. मी मास्तरांकडे धावलो. ते बाजूला खजुराच्या झाडापाशी टोपी धरून उभे होते. "मास्तर, चला, बटणं निघाली!" मास्तर जागचे हलले नाहीत. "मी कशाला? त्येंनीच लावाय पायजे." तोवर एक इटालियन आचारी पुढे धावला होता. त्याच्या हातांचे पंजे असे रुंद की बटण त्यात सापडेना. एका बेल्जियन खलाशाने काज ताणून धरलं, इंग्रजाने खांब पकडला, फ्रेंच माणूस काय करायचं ते सगळ्यांना सांगत राहिला, आणि डच अधिकाऱ्याने खाली बसून निशाणाची कड गुडघ्यांत दाबली. पाच भाषांत आरडाओरडा होऊन बटणं एकदाची लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणाला वाजवल्या ते ठाऊक नाही. मास्तर झाडाखालून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून माझा ऊर भरून आला. हा माणूस आपला आहे, आपल्या सातारच्या मातीतला आहे, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं आणि मी शेजारच्या एका अनोळखी खलाशाला ते मराठीतच सांगितलं. निघताना प्रत्येक देशाने आपापली बटणं काढली, आपापला झेंडा घडी करून नेला. डच अधिकारी मास्तरांना शोधत आला, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाला, मी हे घरी गेल्यावर सांगेन. "जरूर सांगा," मास्तर म्हणाले. "म्हनावं, शिवू नगा. बटनं लावा."

त्याच संध्याकाळी मॅनेजरने टाय सरळ करत मला सांगितलं, मास्तर आहे तोवर नायलॉन नको. मी ते धावत जाऊन सांगितलं. मास्तरांनी फक्त डब्यांवरची धूळ पुसली. पण अरबाबांनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

त्यानंतर वर्षभराने एका जहाजासाठी बहरीनचे सहा झेंडे आले. मी सहज घडी उलगडली. का कोण जाणे, दात मोजले. सात. पुन्हा मोजले, बोट लावून मोजले. सातच. मी ऑफिसचं दार लावून घेतलं. जुन्या साठ्यातला एक झेंडा काढून जहाजाला दिला आणि तो सातवाला माझ्या खणात ठेवला. मॅनेजरला बोललो नाही, कुणालाच बोललो नाही. दोन दिवसांनी मास्तर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. सलमानियाच्या इस्पितळात जाऊन आले होते. डोळ्यांत औषध घातल्यामुळे पाणी वाहत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"सायेब, परवाच्या झेंड्याचं दात मोजलं व्हतं का?"

"मोजले ना मास्तर. आठ होते."

"तुमास्नी खोटं बोलाय येत न्हाई," ते म्हणाले. "डाक्तरनं ताटल्यावानी गोल दावलं, किती हायती म्हनला. मी सात म्हटलं. आट व्हतं."

मास्तर म्हणाले, दुसऱ्याच्या देशाचा दात आपल्या हातून पडला, आता मशीनवर बसायचं नाही. मी ऑपरेशनचं बोललो, चष्म्याचं बोललो, नुसतं पायजमे शिवा म्हटलं. अरबाब तर हातच जोडायचे बाकी होते. "मास्तर, आँख खलास तो क्या? इधर बैठो, चाय पियो. व्हिसा मेरा है." मास्तर म्हणाले, "अरबाब, मैं बैठ्या तो हात सुई मांगेगा." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "कुनी काडायच्या आदी आपलं बटन आपुन काडावं, सायेब." विमानतळावर अरबाब आले होते. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघेही अशा भाषेत बोलले जी जगात त्या दोघांनाच कळत होती. पुढच्याच महिन्यात आमच्याकडे नायलॉनचे गठ्ठे आले. जिन्याखालचं मशीन मात्र अरबाबांनी कुणाला दिलं नाही. त्यावर चादर घालून ठेवली.

मीही नंतर पुण्याला परतलो. पुष्कळ वर्षांनी वर्तमानपत्रात कोपऱ्यात एक बातमी वाचली, बहरीनने झेंड्याचे दात आठाचे पाच केले. मी लगेच मास्तरांच्या गावी फोन लावला. पंच्याहत्तरी गाठलेले मास्तर फोनवर आले. नातू जवळ बसून त्यांना ऐकायला मदत करत होता. फौजेतून सुखरूप परतलेल्या त्या थोरल्या मुलाचा मुलगा. मला वाटत होतं त्यांना वाईट वाटेल. सतरा वर्षं ज्या आठ दातांसाठी डोळे घालवले, ते कुणीतरी एका सहीने पाच केले. मी चाचरत सांगितलं.

"पाच?" मास्तर म्हणाले. "असू द्या. त्येंचा देस, त्येंचं दात. किती ठिवायचं ते त्येंनी ठरवायचं. आपुन नीट शिवायचं."

मी फोन ठेवायच्या बेतात होतो.

"सायेब," ते म्हणाले, "त्यो सातवाला अजून हाय का तुमच्याकडं?"

मी आहे म्हटलं. मी तो ठेवलाय हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

"त्येला कुटं लावू नगा. आट बी न्हाईत त्येला, पाच बी न्हाईत. त्यो कुनाच्याच देसाचा न्हाई. त्यो आपल्या दोगांचा."

तो माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात, धुतलेल्या पांढऱ्या चादरीत. तो काढून पाहायचा झाला तर मी आधी चपला काढतो.